केदारनाथहून वासुकी ताल : एका दिवसात जाऊन येण्याचा बेत, सल्ला हवा आहे

रानजाई (नाशिक) | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारनाथला निघालोय. मी, माझा धाकटा भाऊ आणि बाबा (वय ६४). बाबांना दर्शनाची ओढ आहे. माझ्या मनात गेली तीन वर्षं वासुकी ताल घर करून आहे. मैत्रिणीच्या मामांनी १९९०च्या सुमारास काढलेला एक फोटो पाहिला होता. काळपट निळं पाणी, काठाला दगडच दगड आणि मागे चौखंबा. तेव्हापासून जायचंच असं ठरवलंय.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी : केदारनाथ ३,५८३ मीटर, तळं ४,१३५ मीटर, अंतर एका बाजूने साधारण ८ किमी. वाटेत टपरी नाही, निवारा नाही. तळ्याकाठी मुक्काम करायचा नाही, त्याच दिवशी परत यायचं.

आमचा बेत :
पहिला दिवस : हरिद्वार ते सोनप्रयाग.
दुसरा दिवस : गौरीकुंड ते केदारनाथ, १६ किमी चालत (बाबा घोड्यावर).
तिसरा दिवस : पहाटे निघून वासुकी ताल, दुपारी परत, जमलं तर संध्याकाळी गौरीकुंडाला उतरायला सुरुवात.

आम्ही दोघं भावंडं सह्याद्रीत नियमित फिरतो. राजगड-तोरणा एका दिवसात, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, सगळं झालंय. हिमालयात मात्र पहिल्यांदाच जातोय. बेतात काही चुकत असेल तर मोकळेपणाने सांगा.

घाटवाटकर | ४ ऑगस्ट, रात्री १०:३५

रानजाई, मी या तळ्यापर्यंत एकदा पोचलोय आणि एकदा अलीकडच्या डोंगराच्या धारेवरूनच (कण्यावरूनच) परतलोय, म्हणून लिहितो.

तुमचा तिसरा दिवस वाचूनच थांबलो. वासुकी ताल करून त्याच संध्याकाळी गौरीकुंडाची उतरण सुरू करायची, हे कृपा करून बेतातून काढून टाका. तो पूर्ण दिवस तळ्याचा असू द्या, रात्री केदारनाथलाच मुक्काम. आणि त्याच्या आधीचा एक दिवस केदारनाथातच घालवा.

वाटेबद्दल सांगतो. केदारनाथ सोडलं की पश्चिमेच्या अंगाला दूधगंगेच्या बाजूने चढ लागतो, तो लगेच लागतो. अंग गरम व्हायला सपाटी मिळत नाही. पहिले दोन-अडीच तास गवताळ उतारावर नागमोडी वाट. मागे वळून पाहिलं की मंदिर काड्यापेटीएवढं दिसतं. गवत संपलं की दगड सुरू होतात. इथे वाट अशी राहत नाही, एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं. मधूनमधून वाटेच्या खुणेसाठी दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या दिसतात, पण त्या मेंढपाळांनी रचल्या की आपल्यासारख्या कुणी हौशीने, हे कळायला मार्ग नसतो. मग धार येते.

आणि इथे बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो. तळं धारेवर नाही, धारेच्या पलीकडे खाली आहे. म्हणजे धार चढून झाल्यावर तळ्यापर्यंत उतरायचं आणि परतताना दमलेल्या पायांनी तीच धार पुन्हा चढायची. नुसतं ४,१३५ मधून ३,५८३ वजा करून "साडेपाचशे मीटरच तर चढ आहे" असं धरू नका. चढाची बेरीज त्याहून पुष्कळ मोठी होते.

वाटाड्या घ्या. यावर वाद नको.

भूलतज्ज्ञ | ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

घाटवाटकरांच्या म्हणण्याला पूर्ण दुजोरा. मी डॉक्टर म्हणून थोडं जोडतो.

कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ताई, तुमच्या शरीराने आजवर पाहिलेली सगळ्यात मोठी उंची गौरीकुंडापेक्षाही कमी आहे. गौरीकुंडच जवळपास २,००० मीटरवर आहे. तिथून एका दिवसात ३,५८३वर पोचायचं, तिथे झोपायचं आणि दुसऱ्या पहाटे ४,००० ओलांडायचे. समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब केदारनाथला सुमारे ६५ टक्के आणि तळ्याच्या उंचीवर ६० टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो.

३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. केदारनाथची यात्रा या नियमात बसतच नाही, म्हणून तिथे इतक्या यात्रेकरूंना डोकेदुखी आणि उलट्या होतात. जमलं तर एक मुक्काम वाटेत लिंचोलीला करा. तेही नाही जमलं तर केदारनाथला एक अख्खा दिवस आणि दोन रात्री काढून मगच वर जा.

रानजाई | ५ ऑगस्ट, दुपारी १:०५

दोघांचेही मनापासून आभार. गौरीकुंडाला उतरायचं काढून टाकलं.

एक शंका विचारते, राग मानू नका. आम्ही दर रविवारी डोंगरात असतो. भाऊ अर्धमॅरेथॉन धावतो. वर दम जास्त लागणार, हे समजतं. पण आम्ही हळू चाललो तर? दम लागेल, थांबू, पुन्हा चालू. एवढ्यासाठी एक अख्खा दिवस केदारनाथात बसायला हवाच का? सुट्टी मोजकीच आहे, म्हणून विचारते.

भूलतज्ज्ञ | ५ ऑगस्ट, रात्री ८:४५

राग कसला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

दम लागणं वेगळं आणि विरळ हवा बाधणं वेगळं. दम कमावलेल्या फुप्फुसाला आणि पायाला कमी लागतो, म्हणून तुमचा भाऊ भराभर चढेल. पण उंचीशी जुळवून घेण्याचं काम शरीर आपल्या गतीने करतं. श्वासाचा वेग वाढतो, मूत्रपिंडं रक्तातलं रसायन बदलतात, याला दिवस लागतात. धावण्याचा सराव ते काम लवकर करून देत नाही. उलट धडधाकट तरुण जास्त वेगाने वर पोचतात आणि "मला काही होत नाही" म्हणून डोकेदुखी लपवतात. मी पाहिलेल्या रुग्णांत असेच जास्त होते.

लक्षात ठेवायचं ते असं : डोकं दुखणं, त्याच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गरगरणं किंवा न उतरणारा थकवा, म्हणजे उंची बाधली आहे असंच धरायचं. तिथून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, ओठ निळसर दिसणं, म्हणजे फुप्फुसात पाणी भरतंय. बोलण्यात गोंधळ किंवा तोल जाणं, म्हणजे मेंदूला सूज येतेय. या दोन्हींवर एकच पहिला उपाय : ताबडतोब खाली उतरणं. रात्र असली तरी.

तोल पाहायची सोपी रीत आहे. सपाट जागी सरळ रेषेत, टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत दहा-बारा पावलं चालायला सांगा. बाजूला झोक गेला तर वाद घालत बसू नका.

ॲसिटाझोलामाइडची गोळी (बाजारात डायमॉक्स) बरेच जण घेतात. १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, अशी नेहमीची पद्धत आहे. पण सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती चालत नाही. तुमच्या डॉक्टरांना भेटूनच ठरवा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि ही गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस गाळायचा नाही.

मोजपट्टी | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वेळेचा हिशेब मी मांडतो. मला ते आवडतं.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक आडाखा दिला : दर ५ किमीला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. धारेच्या चढउतारासकट जाताना हजार मीटर चढ धरू. ८ किमीचे ९६ मिनिटं, चढाचे १०० मिनिटं. म्हणजे सव्वातीन तास. हा आडाखा विरळ हवेसाठी नाही आणि दगडांच्या राशीसाठीही नाही, म्हणून दीडपट करा. पाच तास झाले. परतताना पुन्हा धार चढणं आणि गुडघे सांभाळत उतरणं मिळून चार तास. तळ्याकाठी आणि वाटेत थांबणं एक तास. एकूण दहा.

सप्टेंबरच्या शेवटी तिथे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही साधारण सहा-सव्वासहाला. दिवस बारा तासांचा. सहाला निघालात तर परतायला चार वाजतील आणि एकही गोष्ट चुकायला वाव राहणार नाही. साडेचारला हेडटॉर्च लावून निघा. पहिला गवताळ टप्पा वाटाड्याबरोबर अंधारात करता येतो. दगडांपर्यंत पोचाल तेव्हा उजेड असेल.

आणि परत फिरायची वेळ आधी ठरवा. माझ्या मते ११. अकरा वाजले की जिथे असाल तिथून मागे. तळं समोर दिसत असलं तरी. ही वेळ घरी, खुर्चीत बसून ठरवायची आणि तिघांनीही पाठ करायची, कारण धारेवर उभं राहून ती ठरवायला गेलात तर मन नेहमी "अजून अर्धा तास" म्हणतं.

सांजवारा | ६ ऑगस्ट, रात्री ११:२०

धागा वाचून राहवलं नाही. माझा अनुभव सांगते.

आम्ही चौघं वाटाड्या न घेता गेलो होतो, मोबाइलमध्ये वाटेचा जीपीएस ट्रॅक घेऊन. जाताना आभाळ स्वच्छ होतं. तळ्यावर साडेबाराला पोचलो आणि तासभर बसलो. धारेवर परत चढेपर्यंत अडीच वाजून गेले आणि ढग आले. आपल्याकडे पावसाळ्यात राजगडावर ढग येतो तशी मजा त्यात नव्हती. दहा पावलांवरचा माणूस दिसेना. थंडीने मोबाइलची बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडली. दगडांत सगळीकडे लगोऱ्या होत्या आणि त्या आम्हाला तीन वेगवेगळ्या दिशांना नेत होत्या. एका घळीत शंभरेक मीटर उतरलो आणि खाली कडा लागला. पुन्हा वर चढलो.

दोन तासांनी ढग काही मिनिटं फाटला आणि खाली केदारनाथचे पत्रे चमकले. त्या दिशेने उतरलो. पोचलो तेव्हा रात्रीचे साडेसात झाले होते. आमच्यातली एक मुलगी पुढे दोन वर्षं डोंगरात आली नाही.

मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पॉवर बँकसुद्धा. आणि मोजपट्टींनी लिहिलेली ती अकराची वेळ खरंच पाळा.

घाटवाटकर | ७ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सांजवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

वाटाड्या कसा निवडावा, हे विचारलं नव्हतं तरी सांगतो. गौरीकुंडाला किंवा आदल्या दिवशी केदारनाथमध्ये चौकशी करा. जो पुढ्यात येईल त्याला घेऊ नका. विचारा : यंदा वर किती वेळा गेलात? शेवटचं कधी? बर्फ कुठे आहे? पहिल्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. त्या माणसाला धारेपुढची वाट ठाऊकच नव्हती आणि आम्ही तिथूनच परतलो. दुसऱ्या वेळी लहानपणापासून मेंढरांमागे तिकडे जाणारा माणूस मिळाला. तो दगड न पाहता चालायचा.

परवानगीचंही पाहा. हा सगळा भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा. १९७२ मध्ये कस्तुरीमृगासाठी ते राखलं गेलं, क्षेत्र ९७५ चौरस किमी. वर जाण्याआधी वनखात्याकडे आणि पोलिस चौकीत विचारून, नावं नोंदवूनच निघा. दर हंगामात नियम बदलतात. चारधाम यात्रेची नोंदणी वेगळी, ती तर लागतेच.

पानफुटी | ७ ऑगस्ट, दुपारी ४:३०

वाट चुकण्याच्या गोष्टींत मी जरा फुलांचं बोलते.

या वाटेवर ब्रह्मकमळं आहेत. आपल्याकडे कुंडीत लावतात, रात्री फुलतं आणि शेजारपाजारच्यांना बोलावून ओवाळतात, ते हे नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे, एपिफायलम. आपल्या आज्यांनी त्याला ब्रह्मकमळ म्हटलं आणि ते नाव रुजलं. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ सॉसुरिया, सूर्यफुलाच्या कुळातलं. फिकट पिवळसर-हिरव्या, कागदासारख्या पातळ पानांचा द्रोण असतो आणि त्या द्रोणात जांभळट फुलांचा गुच्छ दडलेला. तो द्रोण म्हणजे झाडाने स्वतःच्या फुलासाठी केलेली उबदार खोलीच. उत्तराखंडचं हे राज्यफूल.

जुलै ते सप्टेंबर फुलतं. सप्टेंबरच्या शेवटी बरीचशी सुकलेली असतील, पण दगडांच्या आडोशाला एखादं सापडेल. श्रावणात केदारनाथाला ही फुलं वाहतात, म्हणून आधीच खूप तोड होते. रानजाई, तुम्ही तोडणार नाही, ठाऊक आहे. पण बरोबरच्या कुणी खुडून आणलं तर त्यांना थांबवा. बिया पडल्या तरच पुढच्या वर्षी तिथे काही उगवेल.

नकाशेवाला | ७ ऑगस्ट, रात्री १०:००

नावाचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. वासुकी ताल नावाची दोन तळी आहेत. दुसरं गंगोत्रीच्या बाजूला, नंदनवनच्या पुढे कालिंदी खाल या खिंडीच्या वाटेवर, बरंच उंचावर. जालावर ट्रॅक उतरवताना केदारनाथचाच आहे ना, हे पाहून घ्या. एका मित्राने चुकीचा उतरवला होता आणि ते केदारनाथला पोचल्यावर लक्षात आलं.

आणखी एक, आपलं उगाच. या तळ्याचं पाणी वासुकी गंगेतून खाली येतं आणि सोनप्रयागला मंदाकिनीला मिळतं. तुम्ही जिथे गौरीकुंडाच्या जीपसाठी रांगेत उभ्या राहाल, तिथेच तो संगम आहे. सगळे घाईत असतात, कुणी खाली पाहत नाही.

अण्णा_ठाणे | ८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

मुली, बाबांचं काय ठरवलंस? सगळे तळ्याचंच बोलतायत.

मी ६७व्या वर्षी केदारनाथला गेलो होतो. घोड्यावरचे सहा तास सोपे नसतात, कंबर आणि मांड्या धरतात. लिंचोलीचा मुक्काम बाबांसाठीही चांगला. तुम्ही वर जाल त्या दिवशी त्यांना एकट्याला खोलीत बसवून ठेवू नका. ओळखीचं कुणी सोबत असावं. किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि त्यानंतर कुणाला सांगायचं, हे कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेव. फोन वर लागणार नाही, हे त्यांना आधीच माहीत असू दे. आमच्या वयात काळजीने जो जीव जातो तो चढाने जात नाही.

विश्रांतीच्या दिवशी त्यांना भैरवनाथाच्या देवळापर्यंत हळूहळू ने. वरून सगळं खोरं दिसतं. २०१३ साली १६-१७ जूनला महापुराचं पाणी कुठून आलं, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

घाटवाटकर | ८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

अण्णांच्या बोलण्यावरून सुचलं. विश्रांतीचा दिवस म्हणजे पांघरुणात पडून राहणं नव्हे. तुम्ही भावंडं त्या दिवशी चोराबारीकडे चढून या. मंदिरामागे साधारण ३ किमी, सुमारे ३,९०० मीटर. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये तिथल्या तळ्यात विसर्जित झाल्या, म्हणून त्याला गांधी सरोवर म्हणत. २०१३ला त्याचाच बांध फुटला. दिवसा उंच चढायचं आणि झोपायला खाली यायचं, हा सराव तिथे आयताच मिळतो. शिवाय तिथे डोकं धरलं तर दुसऱ्या दिवशी वासुकीचा विचार करायचा की नाही, याचं उत्तर आदल्या संध्याकाळीच मिळतं.

चूलखंड (कोल्हापूर) | ८ ऑगस्ट, रात्री ९:०५

खाण्याचं कोण सांगणार? वर भूक मरते, त्यामुळे आवडीचंच न्यायचं. गुळाच्या दशम्या न्या, दुधात भिजवलेल्या, तीन-चार दिवस मऊ राहतात. शेंगदाणा चिक्की, खजूर, सुकं अंजीर. तळलेलं नको, पचत नाही. दर तासाला दोन घास, भूक असो नसो. पाणी माणशी तीन लिटर, त्यातलं एक लिटर ओआरएसचं. एका थर्मासमध्ये गरम पाणी, तो थर्मास मला जॅकेटपेक्षा जास्त उपयोगी पडला.

कपडे : आत घाम शोषणारा पातळ थर, मधे लोकर किंवा फ्लीस, वरून वारा-पाऊस अडवणारं. सुती अजिबात नको, भिजलं की अंगाला गार चिकटतं. हातमोजे दोन जोड. बूट नवे असतील तर आजपासून घालायला लागा.

रानजाई | १० ऑगस्ट, रात्री ८:१५

सगळं वाचलं, भावाला वाचायला लावलं, बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अण्णा, तुमचं काळजीने जीव जाण्याचं वाक्य ऐकून बाबा म्हणाले, "हे बरोबर बोलले."

बदललेला बेत : सोनप्रयागला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लिंचोली, तिसऱ्या दिवशी केदारनाथ आणि दर्शन. चौथा दिवस चोराबारी आणि बाबांबरोबर भैरवनाथ. पाचवा वासुकी ताल. सहावा राखीव, हवा बिघडली तर. सातव्या दिवशी खाली. सुट्टी तीन दिवसांनी वाढवली. माझा मामेभाऊ बाबांच्या सोबतीला येतोय. परत फिरायची वेळ ११. तिघांनी कबूल केलीय.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाबांच्या गोळ्यांमुळे त्यांना डायमॉक्स नको म्हणाले. आम्ही दोघं घेणार आहोत.

मोजपट्टी | १० ऑगस्ट, रात्री ८:४०

राखीव दिवस पाहून बरं वाटलं. पावसाकडे लक्ष असू द्या. ३१ जुलै २०२४च्या ढगफुटीत लिंचोली-भीमबलीची वाट तुटली होती आणि यात्रेकरू अडकले होते. सप्टेंबरच्या शेवटी सहसा उघडीप असते, तरी निघण्याआधी रोज डेहराडूनच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहत जा.

रानजाई | ६ ऑक्टोबर, रात्री १०:५०

मंडळी, परत आलो. सगळे सुखरूप. उशिरा लिहितेय, कारण काय लिहावं हे आधी सुचत नव्हतं.

पहाटे ४:२५ला निघालो. वाटाडे पन्नाशीचे, यंदा नऊ वेळा वर गेलेले. आम्ही त्यांना घाटवाटकरांचे तिन्ही प्रश्न विचारले, तेव्हा ते खूश झाले. आभाळ चांदण्यांनी गच्च होतं. सहाच्या सुमाराला केदारनाथ शिखराच्या टोकाला पहिलं ऊन लागलं आणि आम्ही तिघंही न बोलता थांबलो. आमच्यापर्यंत ते ऊन यायला आणखी तास-दीड तास गेला. तोवर बोटं बधिर झाली होती.

भाऊ पहिले दोन तास माझ्या पुढे होता. दगड सुरू झाल्यावर तो मागे पडायला लागला. साडेआठला दशमी हातात दिली तर नको म्हणाला. हा मुलगा कधी खायला नको म्हणत नाही. डोकं दुखतंय का विचारलं, तर "थोडं" म्हणाला. टाच-अंगठा चालायला लावलं, सरळ चालला. आम्ही वेग आणखी कमी केला.

धारेवर पोचलो तेव्हा १०:२० झाले होते. खाली तळं होतं. फोटोतल्यासारखं निळं नव्हतं, राखाडी होतं. वाऱ्याने त्याच्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या आणि मधेच ऊन आलं की एक पट्टा तेवढा हिरवा व्हायचा. चौखंबा स्वच्छ दिसत होता. वाटाडे म्हणाले, उतरायला पाऊण तास, परत चढायला तास-सव्वा तास. अकराला तळ्याशी जेमतेम पोचलो असतो. भाऊ म्हणाला, "तू यांच्याबरोबर जा, मी इथे बसतो."

डोकं दुखणाऱ्या माणसाला धारेवर वाऱ्यात एकटं सोडून जायचं नव्हतं. वाईट वाटलं. खूप वाटलं. तीन वर्षांची वाट होती आणि तळं इतकं जवळ होतं की काठचे दगड वेगवेगळे दिसत होते. पंचवीस मिनिटं बसलो, थर्मासमधलं गरम पाणी प्यायलो, पावणेअकराला परत फिरलो. साडेबाराला आम्ही गवतात होतो तेव्हा मागे धार ढगात गेली होती. अडीचला केदारनाथ. बाबा पुलाशीच उभे होते. खिशातल्या कागदावर पाच वाजेपर्यंत वाट पाहायची असं लिहिलं होतं आणि ते बारापासून तिथे होते.

राखीव दिवशी आभाळ स्वच्छ होतं. भावाचं डोकं मात्र सकाळीही जड होतं, म्हणून गेलो नाही. तो खाली उतरायला लागला तसा लिंचोलीच्या अलीकडेच पूर्ण बरा झाला आणि तिथे तीन पराठे खाल्ले.

पानफुटी, एक ब्रह्मकमळ दिसलं. सुकलेलं, मोठ्या दगडाच्या आडोशाला. हात लावला नाही.

नकाशेवाला, सोनप्रयागला जीपमधून उतरल्यावर संगमाकडे गेलो. वासुकी गंगेचं पाणी फार गार आहे. बाबांनी ओंजळभर डोळ्यांना लावलं.

भूलतज्ज्ञ | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:००

ताई, भावाने भूक नाही म्हटल्यावर तुम्ही डोकं विचारलंत आणि तोल पाहिलात, हे फार महत्त्वाचं होतं. पुन्हा जाल तेव्हा त्याला धावण्याचा सराव सोडायला लावू नका, फक्त केदारनाथला आणखी एक रात्र वाढवा. काहींच्या शरीराला जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि पुढच्या वेळीही तसंच होण्याचा संभव असतो.

सांजवारा | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

तुमचं वाचून आमच्यातल्या त्या मैत्रिणीला धागा पाठवला. "आपण पण अकराला फिरायला हवं होतं," एवढंच तिचं उत्तर आलं.

कातळपाऊल | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

वाचनखूण साठवली. रानजाई, आम्ही तिघं १४ ऑक्टोबरला केदारनाथला पोचतोय. वर बर्फ होतं का? क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे) लागतील का?

रानजाई | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धारेच्या अलीकडे बर्फ नव्हतं. पलीकडच्या, तळ्याकडे उतरणाऱ्या बाजूला सावलीत थोडं होतं, जुनं आणि कडक. दगडांवर सकाळी दवाचा पातळ बर्फ होता, तो साडेनऊपर्यंत टिकला. तिथे मी एकदा घसरले, काठीमुळे वाचले. ऑक्टोबरच्या मध्यावर नवं पडलेलं असू शकतं, त्यामुळे इथून ठरवू नका, केदारनाथला पोचल्यावर आदल्या दोन दिवसांत कोण वर गेलं होतं ते शोधून त्याला विचारा. दिवस आता लहान झालाय, तुम्ही परत फिरायची वेळ साडेदहा ठेवा. आमच्या वाटाड्यांचं गाव कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. माझ्याकडे हातमोज्यांची एक जादा जोड आहे, नाशिकवरून जाणार असाल तर घेऊन जा.